खर्डा परिसराची भूरचना

खर्डा हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील गाव जामखेडच्या आग्नेयीस सु. २० किमी. वर, बालाघाट डोंगररांगेच्या कडेला वसले आहे. सह्याद्रीपासून हरिश्चंद्रगडाजवळ फुटून आग्नेयीकडे गेलेली ही रांग गोदावरी व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा गोदावरीस मिळते, तर पश्चिमेकडील ओढ्यांचे पाणी सीना नदीतून भीमेत जाते.

खडक : हा सर्व प्रदेश दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेसाल्टाचा आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीस पडलेल्या लांब भेगांतून लाव्हा वारंवार बाहेर पडून पसरला. त्याचे जवळजवळ आडवे थर एकावर एक साचले. आज त्यांनी सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापलेले आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट व कठीण, तर वरचा भाग वायूंच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. छिद्रांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट व गारगोटी ही खनिजे साचली. दोन उद्रेकांमधील काळात उघड्या राहिलेल्या पृष्ठावर काही ठिकाणी तांबड्या मातीचे पातळ थर तयार झालेले आढळतात.

भूरूपे : कठीण व मऊ थर आलटून पालटून असल्याने त्यांची झीज सारखी होत नाही. कठीण थर कड्यांच्या रूपाने टिकून राहतात, मऊ थरांचे उतार बनतात. त्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे व सपाट माथ्याचे दिसतात. जामखेडजवळ, बीड जिल्ह्याच्या हद्दीतील सौताडा येथे विंचरणा नदी अशाच कड्यावरून अरुंद दरीत कोसळते. धबधब्याखालचा मऊ खडक झिजला की वरचा कठीण थर आधाराअभावी तुटून पडतो; अशा रीतीने धबधबा मागे सरकत जातो व दरी लांबत जाते.

उभे कडे व त्यांवरून पडणारे पाणी आल्प्स पर्वतातील दऱ्यांतही दिसते. परंतु त्यांची घडण निराळी आहे. स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेनची दरी हिमनदीने खरवडली. तिचा तळ रुंद व बाजू उभ्या असून उपनद्यांच्या दऱ्या मुख्य दरीच्या तळापेक्षा उंचावर लोंबत राहिल्या आहेत. हिमनदीने वाहून आणलेल्या दगडगोट्यांचे हिमोढही तेथे आढळतात. बालाघाटात असे हिमोढ नाहीत. प्लाइस्टोसीन काळात हिमालयातील हिमनद्या आजच्यापेक्षा बऱ्याच खाली उतरल्या होत्या. मात्र दख्खनचे पठार बर्फाखाली कधी गेले नाही. महाराष्ट्रातील हिमानी क्रियेच्या खुणा याहून फार जुन्या, सु. ३० कोटी वर्षांपूर्वीच्या असून त्या चंद्रपूर भागात इरई येथील तालचेर शैलसमूहाच्या तळाशी, ओरखडे पडलेल्या चुनखडकावर आढळल्या.

जल व जमीन : घट्ट बेसाल्टात पाणी मुरत नाही, ते भेगांत, सच्छिद्र थरात व वरच्या मुरमातच साठते. म्हणून एका विहिरीस पाणी लागते व जवळचीच दुसरी कोरडी राहते. त्यातच हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने पाऊस कमी व अनिश्चित असतो. सखल भागातील काळी जमीन ओल धरून ठेवते व तीवर रब्बीची ज्वारी येते. उतारांवरील मातीचा थर उथळ असतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात पाझर तलाव व नालाबांधाची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. अशा कामांचे यश, पाणी अडविले तेथे खाली भेगाळलेला वा सच्छिद्र खडक आहे की नाही, यावर अवलंबून असते.

इतिहास : येथील भुईकोट निंबाळकर घराण्याचा असून तो याच काळ्या पाषाणात बांधलेला आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांची प्रसिद्ध लढाई या परिसरात झाली. मोहरी घाटाने माथ्यावरून खाली उतरलेले निजामाचे सैन्य रात्री माघार घेऊन खर्ड्याच्या आश्रयास गेले आणि डोंगरांनी वेढलेल्या त्या जागी कोंडले गेले. पाण्याच्या टंचाईने त्याचे हाल झाले व निजामास तह करावा लागला.