स्वतंत्र अनुदिनी

स्वतंत्र अनुदिनी किंवा स्वतंत्र ब्लॉग म्हणजे लेखकाने स्वतः नोंदविलेल्या डोमेन नावावर, बहुधा भाड्याच्या सर्व्हरवर चालविलेले लेखनाचे संकेतस्थळ होय. ब्लॉगरसारख्या सेवेवर तांत्रिक देखभाल सेवादाता करतो. स्वतंत्र अनुदिनीत ती चालकाकडे येते. त्या बदल्यात मजकूर व त्याचे पत्ते यांवर चालकाचे नियंत्रण राहते. याहूने २००९ मध्ये अमेरिकेतील जिओसिटीज ही सेवा बंद केली, तेव्हा तीवरील वैयक्तिक पाने मूळ पत्त्यांवरून नाहीशी झाली. असे नियंत्रण नसण्याचा अर्थ त्यावरून कळतो.

== डोमेन नाव ==
डोमेन नाव विकत मिळत नाही, ते ठरावीक मुदतीसाठी नोंदविले जाते. ‘.कॉम’ नावाचे नूतनीकरण चुकल्यास नोंदणीकर्त्या कंपनीने ठेवलेल्या सवलतीच्या मुदतीनंतर ३० दिवसांचा विमोचन काळ असतो. त्यात जादा शुल्क भरून नाव परत मिळते. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही खुले होते. नूतनीकरणाची सूचना वापरात नसलेल्या ईमेल पत्त्यावर जात राहणे, हे नाव गमावण्याचे एक साधे कारण आहे. सुटलेली नावे जाहिरातदार उचलतात आणि जुन्या लेखांचे दुवे मग त्यांच्या पानांवर जातात.

== देखभाल ==
वर्डप्रेस (२००३) ही या कामासाठी सर्वाधिक वापरली जाणारी मुक्त आज्ञावली आहे. तीत लेख विदागारात साठतात आणि पान मागणीनुसार तयार होते. त्यामुळे मूळ आज्ञावली, सजावट व पूरक आज्ञावल्या अद्ययावत ठेवाव्या लागतात. कोणीही सांभाळत नसलेली पूरक आज्ञावली घुसखोरीचा नेहमीचा मार्ग ठरते. जेकिलसारख्या (२००८) साधनांत पाने आधीच तयार करून ठेवतात. तेथे विदागारच नसल्याने देखभाल कमी होते, मात्र लेखकाला तांत्रिक बाबी अधिक शिकाव्या लागतात. लेट्स एन्क्रिप्टची सुरक्षा प्रमाणपत्रे विनामूल्य मिळतात, पण त्यांची मुदत ९० दिवसांपर्यंतच असल्याने नूतनीकरण स्वयंचलित ठेवावे लागते.

संकेतस्थळाच्या प्रतीत विदागार आणि चित्रांच्या फायली दोन्ही लागतात. त्याच सर्व्हरवर ठेवलेली प्रत सर्व्हरबरोबरच नष्ट होऊ शकते. प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहिल्याशिवाय ती उपयोगी आहे असे मानता येत नाही. ही चाचणी बहुतेक वेळा राहून जाते.

== देवनागरी मजकुराचे प्रश्न ==
यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. जुन्या विदागारांतील तक्ते अनेकदा लॅटिन-१ संकेतनाचे असत. त्यांत साठविलेला मराठी मजकूर जुन्या संकेतस्थळावर नीट दिसे, पण नव्या सर्व्हरवर नेल्यावर एकेका चिन्हाच्या जागी तीन युरोपीय अक्षरे उमटत. मूळ बाइट शाबूत असल्यास हे दुरुस्त करता येते. रूपांतरात अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे साठली असतील, तर तो मजकूर कायमचा जातो.

पत्त्यांची अडचण वेगळी आहे. पत्त्यात देवनागरीचा प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरे लागतात. काना, वेलांटी व हलन्त यांचीही गणना स्वतंत्र होते. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याची मर्यादा २०० अक्षरांची आहे आणि ‘महाराष्ट्रातील किल्ले’ एवढ्यालाच १८१ अक्षरे लागतात. लांब मराठी शीर्षकांचे पत्ते त्यामुळे मध्येच तुटतात. काही चालक म्हणून पत्ता रोमन लिपीत किंवा अंकांत ठेवतात.

‘दऱ्या’सारख्या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ने, एकदा अदृश्य जोडचिन्हाने. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण साध्या शोधात एक टंकल्यास दुसरे सापडत नाही.

== बंद पडणे व जतन ==
भाडे थकले की संकेतस्थळ बंद होते, मग त्यावरील लेखन कितीही वाचले जात असो. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (२००१) अनेक पानांच्या प्रती मिळतात. तथापि त्या निवडक तारखांच्या असतात आणि चित्रे गहाळ असू शकतात. चालकाच्या मृत्यूनंतर डोमेन व सर्व्हरच्या खात्यांचा ताबा वारसांकडे नसला, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी संकेतस्थळ बंद पडते. अशा वेळी विदागार नसलेल्या साध्या पानांच्या रूपात काढून ठेवलेली प्रत कोणत्याही संगणकावर उघडता येते.