मोटारसायकलीच्या हँडलावरील वाटाड्या

जालना शहरातून संध्याकाळी कोणत्याही रस्त्याने बाहेर पडावे, अंबडकडे म्हणा की भोकरदनकडे म्हणा, हँडलावर मोबाईल बसविलेल्या मोटारसायकली हटकून दिसतात. कोणी पार्सले पोचविणारा तरुण असतो, कोणी बियाण्यांच्या कंपनीचा प्रतिनिधी, तर कोणी घनसावंगीकडील एखाद्या आडगावी लग्नाला निघालेला पाहुणा. एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने गाडी हाकण्यापेक्षा तो समोर पक्का बसविणे केव्हाही शहाणपणाचे, यात वाद नाही. पण तो कसा बसवावा याचा विचार फारसा होत नाही. दुकानदार स्क्रू आवळून देतो, आपण पैसे देतो आणि काम झाले असे समजतो. पुढे फोटो पुसट येऊ लागले की दोष फोनच्या माथी मारला जातो. म्हणून या साध्या दिसणाऱ्या गोष्टीमागचे थोडे शास्त्र येथे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

हँडल किती थरथरते हे लांबच्या प्रवासानंतर आपले तळहातच सांगतात. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकली १०० ते १२५ सी.सी.च्या, एका सिलिंडरच्या असतात. त्यात एकच दट्ट्या खालीवर होतो. इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ७५ हिसके गाडीच्या सांगाड्यातून हँडलापर्यंत पोचतात. खड्ड्यांचे धक्के निराळेच.

आता फोनची बाजू पाहा. पुष्कळशा चांगल्या फोनांच्या कॅमेऱ्यात भिंग घट्ट बसविलेले नसते. ते नाजूक स्प्रिंगांवर तरंगत ठेविलेले असते, आणि फोटो घेताना हात हलला की विजेच्या वेटोळ्याच्या व चुंबकाच्या साह्याने ते उलट दिशेला सरकून चित्र स्थिर राखते. ज्या रचनेने हाताचा कंप सावरायचा, तीच रचना इंजिनाच्या सततच्या कंपाने बिघडू शकते. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये तसा इशाराच दिला. मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलींवर आयफोन थेट जोडू नये, आणि स्कूटर-मोपेडवरही कंपन शोषणारा होल्डर वापरावा, असे तीत सांगितले होते.

कंपन शोषणे म्हणजे काय, हे घरी पाहता येते. एका रबरबँडला किल्ल्यांचा जुडगा टांगा. हात सावकाश खालीवर करा; जुडगा हाताबरोबर जातो. वेग थोडा वाढवा. एका विशिष्ट वेगाला जुडगा हातापेक्षाही जास्त उसळू लागतो. यालाच अनुनाद म्हणतात. त्याहून जलद, पण थोडाथोडाच हात हलवा. आता हात हलतो आणि जुडगा जवळजवळ जागच्या जागी राहतो. चांगल्या होल्डरातील रबराच्या गुट्ट्या हेच तिसरे काम करतात. उलट, लांब दांडीचा, सैल सांध्यांचा होल्डर दुसऱ्या अवस्थेत सापडण्याचा संभव असतो, आणि मग हँडलापेक्षा फोनच अधिक नाचतो.

यावरून बसविण्याचे नियम आपोआप निघतात. हँडलावरची पकड अगदी घट्ट हवी. नळी निसटती असल्यास जुन्या ट्यूबची पट्टी मध्ये घालावी. मऊपणा असावा तो पकड आणि फोन यांच्यामध्ये. दांडी आखूड असावी, आणि फोन शक्यतो हँडलाच्या मध्याजवळ असावा. बसविल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. क्लचची वा ब्रेकची तार ताणली जाऊ नये, फोन टाकीला लागू नये आणि वेगाचा काटा झाकला जाऊ नये. रबर उन्हाने कडक होते, म्हणून अधूनमधून ते दाबून पाहावे आणि स्क्रूही तपासावेत.

आपल्या जिल्ह्यात उन्हाचाही विचार केला पाहिजे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो; आणि आयफोनसाठी कंपनीने सांगितलेली हवेची मर्यादा ३५ अंशांची आहे. तापलेला फोन आधी पडदा मंद करतो, मग काम थांबवितो. पावसाळ्यात उपयोगी पडणारी प्लॅस्टिकची पिशवी उन्हाळ्यात काढून ठेवावी, कारण ती उष्णता कोंडून धरते.

फोनपेक्षा मोलाचा असा एक प्रश्न उरतो, तो चालविणाऱ्याचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. पडद्यावर दोन सेकंद नजर खिळली, तर ३३ मीटर रस्ता न पाहताच सरला. तेवढ्यात समोर ऊस भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली असू शकते! केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२० च्या दुरुस्तीनेही फोनची मुभा दिली ती केवळ वाट पाहण्यासाठी, आणि तीही चालकाचे लक्ष ढळणार नाही अशा रीतीने. होल्डरात बसविलेल्या फोनवर संदेश वाचणे किंवा चित्रफीत पाहणे या मुभेत बसत नाही.

तेव्हा ठिकाण निघण्यापूर्वीच नोंदवावे आणि वाट आवाजाने ऐकावी. गूगलच्या नकाशात २०१७ पासून भारतात दुचाकीचा निराळा पर्याय आहे, तो निवडावा. नाहीतर नकाशा मोटारीचा मार्ग धरून समृद्धी महामार्गाकडे नेईल, आणि तेथे दुचाकीला प्रवेशच नाही. वाट चुकलीशी वाटली, तर गाडी कडेला घेऊन मगच पडद्याकडे पाहावे. फाट्यावरच्या टपरीवर चौकशी केली तरी त्यात कमीपणा नाही. वाडगावचा कच्चा रस्ता काल पावसाने वाहून गेला असेल, तर ते नकाशाच्या आधी त्या टपरीवाल्याला ठाऊक असते.