मांत्रिकाची शक्ती कशी मोजावी?

मधल्या सुट्टीत दोन मित्रांचा वाद रंगला आहे, अशी कल्पना करा. विषय क्रिकेटचा नाही, सिनेमाचाही नाही. विषय आहे एका व्हिडिओ गेममधला मांत्रिक. पहिला म्हणतो, "अरे, तो सूर्य फोडतो! त्याच्याहून शक्तिमान कोण असणार?" दुसरा म्हणतो, "सूर्य फोडतो ना? मग त्याच्यासमोर उभी असलेली तिघे जण मरत का नाहीत?" पहिल्याजवळ उत्तर नसते, पण तो हार मानत नाही. दुसऱ्याचा प्रश्न बिनतोड असतो, पण पहिल्याने डोळ्यांनी पाहिलेले दृश्य त्याला खोडून काढता येत नाही. घंटा होते आणि वाद तसाच राहतो.

हा वाद पोरकट आहे असे म्हणून सोडून द्यायचे कारण नाही. मूळ प्रश्न "शक्ती कशी मोजावी?" हा आहे, आणि तो पुरता विज्ञानाचा आहे. म्हणून आपण हा खटला विज्ञानाच्या वर्गात चालवून पाहू या.

आरोपीची ओळख

या मांत्रिकाचे नाव सेफिरॉथ. जपानमधील स्क्वेअर या कंपनीने १९९७ साली प्लेस्टेशनसाठी काढलेल्या 'फायनल फँटसी सेव्हन' या खेळातला हा मुख्य खलनायक. २०२० आणि २०२४ साली या कथेची नवी रूपे निघाली, त्यामुळे आजच्या मुलांनाही तो परिचित आहे. तो तलवारबहाद्दर आहे आणि जादूही जाणतो. मूळ खेळाच्या अखेरच्या लढाईत तो 'सुपरनोव्हा' नावाचा मंत्र टाकतो. सुपरनोव्हा म्हणजे आपण खगोलशास्त्रात ज्याला अतिनवतारा म्हणतो तो, ताऱ्याचा महास्फोट.

मंत्र टाकताच पडद्यावर सुमारे दोन मिनिटांचे दृश्य सुरू होते. एक धूमकेतू अवकाशातून झेपावत येतो, शनीच्या कड्यांमधून आरपार जातो, गुरूला भगदाड पाडतो आणि शेवटी सूर्यावर आदळतो. सूर्य फुगू लागतो. बुध आणि शुक्र त्यात गडप होतात आणि ज्वाला लढणाऱ्यांपर्यंत येऊन पोहोचते. हा झाला पहिल्या मित्राचा पुरावा.

दृश्याची तपासणी

आता या पुराव्याची उलटतपासणी करू. शनी सूर्यापासून सुमारे १४३ कोटी किलोमीटर दूर आहे. प्रकाशाला हे अंतर तोडायला जवळजवळ ८० मिनिटे लागतात. धूमकेतू मात्र दोन मिनिटांच्या आतच पोहोचतो. म्हणजे त्याचा वेग प्रकाशाच्या किमान ४० पट झाला. पहिला मित्र म्हणेल, "चित्रपटात नाही का वेळ आखडून दाखवत?" ठीक आहे, हा मुद्दा त्याला देऊन टाकू.

गुरूचे काय? जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे वीसहून अधिक तुकडे खरोखरच गुरूवर आदळले. जगभरच्या दुर्बिणी तेव्हा तिकडे रोखलेल्या होत्या. गुरूच्या वातावरणात काळे डाग उमटले. त्यांतले काही पृथ्वीहूनही मोठे होते. पण भगदाड पडले नाही, आणि काही महिन्यांत डागही पुसट झाले. गुरू हा मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचा प्रचंड गोळा आहे. धूमकेतूने त्याला भोक पाडणे म्हणजे खडा टाकून तळ्याला भोक पाडण्यासारखे आहे.

सूर्याची गोष्टही तशीच. १९९५ साली सोडलेल्या सोहो या यानाने सूर्याजवळ जाणारे ५००० हून अधिक धूमकेतू टिपले आहेत. त्यांतले बहुतेक तिथेच नष्ट झाले. सूर्याला त्याची दादही नव्हती. शिवाय सूर्याचा अतिनवतारा होऊच शकत नाही. या प्रकारच्या स्फोटासाठी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे आठपट तरी असावे लागते. आपला सूर्य सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगून तांबडा राक्षसी तारा होईल आणि शेवटी त्याचा श्वेतबटू उरेल. श्वेतबटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा अधिक असू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणिताने दाखवले होते. त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यावर पहिला मित्र उसळून म्हणेल, "तीच तर जादू आहे! निसर्गात जे होत नाही ते तो करून दाखवतो." हेही क्षणभर मान्य करू. मग प्रश्न उरतो तो हिशेबाचा.

नियमाची साक्ष

खेळात प्रत्येक पात्राला 'हिट पॉइंट' असतात. आपण त्यांना जीवनगुण म्हणू. मार बसला की गुण कमी होतात, औषध घेतले की वाढतात, शून्य झाले की पात्र कोसळते. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळाने ही पद्धत लोकप्रिय केली आणि पुढे ती संगणकावर आली. फायनल फँटसी सेव्हनमध्ये एका पात्राचे जीवनगुण जास्तीत जास्त ९९९९ होऊ शकतात.

सुपरनोव्हाचा नियम असा आहे: मंत्र लागेल त्या पात्राजवळ त्या वेळी जितके गुण असतील त्यांच्या १६ पैकी १५ भाग कमी व्हायचे. म्हणजे ९९९९ गुणांचे सुमारे ६२५ उरतात. दुसऱ्यांदा मंत्र लागला तर ३९, तिसऱ्यांदा २. प्रत्येक वेळी सोळावा हिस्सा शिल्लक राहतोच. या मंत्राने एकट्याने कोणीही मरत नाही. दुसऱ्या मित्राचा पुरावा हा.

हे गणित तुम्हाला ओळखीचे वाटले पाहिजे. एक सोळांश म्हणजे निम्म्याचे निम्मे, त्याचे निम्मे आणि पुन्हा त्याचे निम्मे. किरणोत्सारी पदार्थ याच रीतीने घटतो. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल सुमारे ८ दिवसांचा आहे. म्हणून ३२ दिवसांनी त्याचा सोळावा हिस्सा उरतो. सेफिरॉथचा एक सुपरनोव्हा म्हणजे नेमके चार अर्धायुकाल!

दोन्ही साक्षी खऱ्या मानल्या तर?

समजा, दृश्यही खरे आणि नियमही खरा. खऱ्या अतिनवताऱ्याच्या स्फोटातून प्रकाश आणि उडालेले द्रव्य यांच्या रूपाने सुमारे १ वर ४४ शून्ये इतके ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ही ऊर्जा चहूकडे सारखी पसरली असे धरले, तर सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर १ वर २० शून्ये याहूनही अधिक ज्यूल येऊन पडतील. ६० किलो वजनाच्या माणसाची पूर्ण वाफ करायला सुमारे १५ कोटी ज्यूल पुरतात. म्हणजे लागते त्याच्या सुमारे एक लाख कोटी पट ऊर्जा येऊन पडली, आणि तरी ती तिघे उभीच राहिली. तर मग सेफिरॉथपेक्षा तीच अधिक शक्तिमान म्हणायची!

पण तेही जमत नाही. याच खेळात आरंभी पहारेकऱ्याची गोळी लागली तरी काही गुण कमी होतात. ९३७४ गुण म्हणजे एक अतिनवतारा, हा भाव धरला तर एका गुणाची किंमत १ वर ४० शून्ये इतके ज्यूल येते. सूर्य सुमारे आठ लाख वर्षांत जेवढी ऊर्जा टाकतो तेवढी ही झाली. ती एका बंदुकीच्या गोळीत कुठून आली? शिवाय १०० गुण परत देणारी औषधाची साधी कुपी खेळात दुकानातून विकत मिळते. अशा ९४ कुप्या प्यायल्या की एक महास्फोट भरून निघतो!

याहून मोठी अडचण पुढेच आहे. तोच मंत्र ९९९९ गुणांच्या पात्राचे ९३७४ गुण घेतो आणि १६ गुणांच्या पात्राचे फक्त १५. स्फोट एकच, अंतर एकच, मग इतका फरक कसा? जी काठी प्रत्येकाच्या हातात वेगळ्या लांबीची होते ती मोजपट्टी नव्हे. जीवनगुण हे ऊर्जेचे एकक नाही, हे इथे सिद्ध झाले.

लोणारची साक्ष

दोन साक्षी एकमेकींच्या विरुद्ध गेल्या की विज्ञान तिसरी साक्ष शोधते. घटना घडली असेल तर मागे खूण राहिली पाहिजे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण घ्या. काळ्या बेसाल्ट खडकातले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे की अशनीच्या आघाताचे, यावर दीर्घकाळ मतभेद होते. दोन्ही पक्षांकडे युक्तिवाद होते. वाद आवाज चढवल्याने मिटला नाही. भारतीय आणि अमेरिकन भूवैज्ञानिकांनी विवराच्या तळात खोल भोके पाडून दगडांचे नमुने काढले. त्यांत मास्केलिनाइट सापडले. प्रचंड आघाताच्या दाबामुळे फेल्स्पारचा स्फटिक न वितळताच काचेसारखा होतो, तेव्हा मास्केलिनाइट बनते. ज्वालामुखी असा दाब निर्माण करू शकत नाही. १९७३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आघाताची बाजू भक्कम झाली. हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या एका दगडाने आपली सही अशी मागे ठेवली होती.

आता सेफिरॉथची सही शोधू. मंत्र संपतो आणि लढाई जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू होते. ज्या ग्रहावर ती चालली आहे तो शाबूत असतो. थोड्या वेळाने तो पुन्हा तोच मंत्र टाकतो, आणि पुन्हा तोच शनी, तीच कडी, तोच न फुटलेला सूर्य! पहिल्या स्फोटाचा एक ओरखडाही कुठे दिसत नाही. फुटलेली वस्तू दुसऱ्यांदा फोडता येत असेल, तर ती पहिल्यांदा फुटलीच नव्हती. निवाडा असा की, या दृश्यातून सेफिरॉथ सूर्य फोडतो हे सिद्ध होत नाही. तो फार तर शत्रूच्या मनात भास उभा करतो आणि त्याची सोळापैकी पंधरा भाग ताकद काढून घेतो.

मग हे दृश्य कशासाठी?

एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जपानमध्ये प्रथम निघालेल्या आवृत्तीत या मंत्राचे दृश्य बरेच छोटे होते. परदेशांसाठी खेळ तयार करताना ते लांबवून भव्य केले गेले. सेफिरॉथ तोच, कथा तीच. मोठा झाला तो देखावा. यावरून काय ते समजावे.

दृश्य चित्रकारांनी केले, पाहणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी म्हणून. नियम आखला खेळाच्या रचनाकारांनी, खेळणाऱ्याला अगदी कडेलोटापर्यंत न्यावे पण त्याचा डाव तिथेच संपू नये म्हणून. दोघांनीही आपापले काम चोख केले. त्या दोन कामांना एकाच तराजूत घालण्याची चूक वाद घालणाऱ्यांची.

म्हणून त्या दोन मित्रांना आपण इतकेच सांगू: वादाला बसण्यापूर्वी मोजपट्टी ठरवा. ऊर्जेने मोजायचे, गुणांनी मोजायचे की मागे राहिलेल्या खुणांनी? हे ठरले नाही तर वाद जन्मभर चालेल. ठरले तर पाच मिनिटांत मिटेल, आणि हरणाऱ्यालाही काही शिकायला मिळेल.

ही सवय खेळापुरती ठेवू नका. "आमच्या साबणात दसपट शक्ती" असे जाहिरात सांगते, तेव्हा विचारा, कशाच्या दसपट आणि कोणत्या मापाने? कोणी आपल्या अंगात दैवी शक्ती असल्याचे सांगून डोळे दिपवणारा देखावा करतो, तेव्हा विचारा, देखावा संपल्यावर मागे काय राहिले? दृश्य कितीही भव्य असो, दुसऱ्या दिवशी सूर्य होता तसाच उगवला असेल तर आपण आपल्या प्रश्नावर ठाम राहावे.

करून पहा

६४ नाणी किंवा एका बाजूला रंग दिलेली ६४ पुठ्ठ्याची चकत्या घ्या. सगळी एकदम उधळा आणि छाप वर आलेली बाजूला काढा. उरलेली पुन्हा उधळा. अशा चार फेऱ्या करा. मागे चारच्या आसपास नाणी उरतील, म्हणजे एक सोळांश. हा तुमचा एक सुपरनोव्हा! वर्गातल्या सर्व गटांचे आकडे फळ्यावर लिहून त्यांची सरासरी काढा आणि आलेख काढा. पाचवी आणि सहावी फेरी केल्यावर काय होते तेही पहा. खेळातला मांत्रिक एकट्या मंत्राने कोणाचा शून्यापर्यंत अंत करू शकत नाही, पण तुमची नाणी मात्र एखाद्या फेरीत पूर्णपणे संपतील. असे का होते, याचा विचार करा.