बेस निवडताना आधी हात, मग कान

खांद्याला बेस गिटार अडकवून होस्टेलच्या कॉरिडॉरमधून निघालो की दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, "याच्या दोन तारा तुटल्या का रे?" आणि दोन, "बेस म्हणजे डीजेला असतो तोच ना?" तारा तुटलेल्या नाहीत, बेसला मुळात चारच असतात. आणि मिरवणुकीत छातीत जे धडधडतं ते याच पट्टीतलं असलं तरी बेस गिटार नुसता धडधडत नाही, तो सूर लावतो. ड्रमचा ठेका आणि गाण्याची चाल या दोघांना बांधून ठेवणारा जो खालचा आवाज असतो, तो बेसचा. आर. डी. बर्मन यांच्या ऑर्केस्ट्रात टोनी वाझ बेस वाजवायचे. गाणं ऐकताना आपलं लक्ष त्याच्याकडे जात नाही, पण तो काढून टाकला की गाणं एकदम पोकळ वाटतं.

आता हे सगळं लिहायचं कारण. आमच्या बँडचा बेसिस्ट सिनियर पास आऊट झाला आणि अर्थातच स्वतःचा बेस घेऊन गेला. गॅदरिंग तोंडावर. पाच जणांनी कॉन्ट्रिब्युशन काढलं, थोडे माझ्या बाबांनी घातले, असे अठरा हजार जमले. एवढ्या पैशात बेस एकदाच घेता येतो. शिवाय तो एकट्या माझा नाही. माझ्यानंतर तो वाजवणार आमची फर्स्ट इयरची ज्युनियर. म्हणजे निवड चुकली तर तिलाही पुढची तीन वर्षं तोच गळ्यात घालून उभं राहायचं. त्यामुळे तीन रविवार आणि दोन शहरं पालथी घालून, फिजिक्सची जुनी पुस्तकं उघडून जे काही कळलं ते इथे मांडतो. (फिजिक्सच्या सरांनी चुका काढाव्यात, मार्क कापू नयेत.)

सगळ्यांत कामाची गोष्ट मला बेसच्या नाही, तंबोऱ्याच्या निमित्ताने कळली. मिरजेची सतार आणि तानपुरा तुम्हाला माहीत असतील. २०२४ साली दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे तंबोरा घ्यायला गेलेला जाणकार आधी भोपळा आणि लाकूड बघतो. जवारी, म्हणजे घोडीवर तार जिथे टेकते तिथला तो बारीक उतार, तो नंतर कारागिराकडून पुन्हा काढून घेता येतो. तार बदलता येते. भोपळा मात्र आहे तोच राहतो. म्हणजे जे नंतर बदलता येत नाही ते आधी तपासायचं, बाकीचं मागाहून. तंबोऱ्यात ही न बदलणारी गोष्ट कानाने ओळखायची असते, कारण तिथे डाव्या हाताला सूर दाबायचं कामच नाही, तारा मोकळ्याच छेडायच्या.

बेसचं उलटं आहे. इलेक्ट्रिक बेसचा आवाज तारा, पिकअप, नॉब आणि अ‍ॅम्प्लिफायर मिळून बनतो आणि यातली प्रत्येक गोष्ट पुढेमागे बदलता येते. तारा तर दोन तासांच्या कामात बदलतात. बदलत नाही ती नेक, म्हणजे सतारीला जी दांडी म्हणतात ती. तिची जाडी, रुंदी, लांबी आणि अख्ख्या वाद्याचा तोल. आणि या गोष्टी कानाला नाही, हाताला कळतात.

लांबीचं आधी सांगतो, कारण तिथे खरं इंजिनिअरिंग आहे. साध्या गिटारची सगळ्यांत जाड तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते. बेसची त्याच नावाची ई तार बरोबर एक सप्तक खाली, ४१.२ हर्ट्झ. तारेची वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते हे आपण बारावीला घोकलंय. म्हणजे तीच तार, तोच ताण ठेवून नुसत्या लांबीवर एक सप्तक खाली यायचं तर गिटारच्या साडेपंचवीस इंचांचे एक्कावन्न इंच करावे लागतील. सव्वाचार फुटांची नुसती तार! ती गळ्यात कोण अडकवणार? म्हणून तडजोड केली जाते: लांबी ३४ इंच आणि उरलेलं काम जाड तारेकडून. लिओ फेंडर या अमेरिकन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला, त्याची लांबी ही ३४ इंच. आजही बहुतेक बेस याच मापाचे असतात. 'प्रिसिजन' नाव पडलं ते पडद्यांमुळे. आधीचा उभा डबल बेस बिनपडद्यांचा, सूर अंदाजाने पकडावा लागायचा. याला पडदे असल्याने सूर नेमका लागतो. (फ्रेटला सतारीत पडदा म्हणतात, हे आमच्या मेसच्या काकांनी सांगितलं. कॉन्व्हेंटवाल्याला कोण सांगणार!)

३४ इंचांचा परिणाम थेट बोटांवर होतो. पहिला पडदा वरच्या टोकापासून साधारण साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर येतो. गिटारला हेच अंतर छत्तीसच्या आसपास. ३० इंची, म्हणजे शॉर्ट स्केल बेसही मिळतात, त्यात ते त्रेचाळीसपेक्षा किंचित कमी. मग सरळ ३० इंचीच का घेऊ नये? कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीच तार, तोच सूर ठेवला तर ३० इंचांपेक्षा ३४ इंचांवर ताण सुमारे २८ टक्के जास्त. छोट्या बेसवर खालची ई तार जरा सैल, डुगडुगती लागते. कुणाला तो गुबगुबीत आवाज आवडतो, कुणाला नाही. ज्याचे हात लहान आहेत त्याने लाज न बाळगता छोटा घ्यावा, असं माझं मत. हाताला रग लागून वाद्य कपाटावर पडून राहण्यापेक्षा ते बरं.

रुंदीचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. वरच्या टोकाला जिथे तारा खाचेत बसतात तिथे प्रिसिजन जातीच्या बेसची दांडी साधारण ४१ मिलिमीटर किंवा जास्त, आणि १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसच्या जातीची ३८. तीन मिलिमीटर म्हणजे किती, तर वहीच्या दोन पुठ्ठ्यांएवढे! पण दहा मिनिटं वाजवा, मग मनगट सांगतं. म्हणून माझी पहिली परीक्षा अशी: दुकानात बेस अ‍ॅम्पला लावूच नका. स्टुलावर बसा, मग पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. बेसचं डोकं जमिनीकडे झुकतं का? झुकत असेल तर वाजवताना प्रत्येक क्षणी डावा हात सूर दाबायचं सोडून हमाली करणार. याला नेक डाइव्ह म्हणतात. रुंद, खरखरीत पट्ट्याने थोडा फरक पडतो, पूर्ण जात नाही. बेस साडेतीन-चार किलोचा असतो आणि प्रॅक्टिस दोन तासांची, एवढं डोक्यात ठेवा.

मग प्रत्येक तारेवर, पहिल्या पडद्यापासून शेवटपर्यंत, एकेक सूर सावकाश. कुठे तार पडद्यावर खरखरते का, कुठे सूर मध्येच मरतो का. जी तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास असा मेलेला सूर बऱ्याच बेसवर सापडतो, तिथे नीट ऐका. बेसच्या वरच्या शिंगावर हनुवटी किंवा कान टेकवलात तर अ‍ॅम्प नसतानाही सगळं स्वच्छ ऐकू येतं. लोक बघतात, बघू द्या. (हीच युक्ती होस्टेलमध्ये रात्री दहानंतर: बेसचं डोकं लाकडी कपाटाच्या दाराला टेकवून वाजवा. दार स्पीकरचं काम करतं आणि रेक्टरपर्यंत जात नाही.)

आता आवाज. इथे सगळेच फसतात आणि त्याला शास्त्रीय कारणं आहेत. एक तर आपला कान हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणजे एक बेस हळू आणि दुसरा मोठ्याने वाजवला तर मोठ्याने वाजवलेला भरदार वाटणारच, त्यात बेसचं कर्तृत्व काही नाही. सेल्समन महागड्या बेसच्या वेळी नॉब थोडा पुढे सरकवतो, तो उगाच नाही. म्हणून अ‍ॅम्प तोच, आवाज तेवढाच, सगळे नॉब मध्यावर, आणि दोन्ही बेसवर तेच गाणं. दुसरं कारण जास्त गमतीचं. ४१.२ हर्ट्झच्या सुराची हवेतली तरंगलांबी जवळजवळ सव्वाआठ मीटर भरते. दुकानाची ट्रायल रूम त्याच्या निम्मीसुद्धा नसते. अशा खोलीत खालचे सूर कोपऱ्यात फुगतात आणि कुठे अगदी विरून जातात. तुम्ही दोन पावलं सरकलात तर बेस बदलल्यासारखा वाटतो! म्हणजे दुकानात जो आवाज आवडला तो थोडा बेसचा आणि बराचसा खोलीचा. आपल्या ऑडिटोरियममध्ये तो तसा येणार नाही.

त्यात दुकानातल्या बेसच्या तारा जुन्या. शंभर जणांच्या घामाने मंद पडलेल्या. नव्या तारा लावल्या की तोच बेस चकाकतो. उलट काहींना मंद आवाजच हवा असतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर १९६० च्या दशकात बेस वाजवणारा जेम्स जेमरसन गुळगुळीत, सपाट गुंडाळीच्या तारा वापरायचा, शक्यतो बदलायचाच नाही, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडायचा. त्याच्यासारखा प्रिसिजन बेस घेतला म्हणून ते बोट काही डब्यात मिळत नाही.

पिकअपबद्दल थोडक्यात. चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी; वर पोलादी तार हलली की फ्लक्स बदलतो, व्होल्टेज तयार होतं. फॅरेडे, बस. घोडीजवळचा पिकअप टोकदार आवाज देतो, दांडीकडचा गोल, कारण घोडीपाशी तारेचा मूळ सूर फारसा हलत नाही आणि वरचे उपसूर तुलनेने जास्त पकडले जातात. एकेरी गुंडाळीचा पिकअप मात्र विजेची गुणगुणही पकडतो. आपली वीज ५० हर्ट्झची आणि बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी सूर ४९ हर्ट्झचा, म्हणजे महावितरणही आपल्याबरोबर जवळजवळ जी मध्येच गातं, जरासं बेसूर. प्रिसिजन बेसला १९५७ पासून दोन उलट गुंडाळ्यांचा दुभागलेला पिकअप आहे, तो ही गुणगुण बऱ्यापैकी मारतो. पण तारांना हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर तो पिकअपचा प्रश्न नाही, अर्थिंगचा आहे. वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिकलच्या मुलाला बोलवा.

रंगाबद्दल काय सांगायचं, आमच्या ड्रमरला लाल हवा होता.

खरेदीला मुंबई सोयीची आहे. रात्री देवगिरी पकडली की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून चालत धोबी तलाव, जिथलं फुर्टाडोज हे वाद्यांच्या धंद्यातलं १८६५ पासूनचं नाव. आम्ही पुण्याला गेलो, कारण गिटारिस्टच्या मावशीकडे राहायची सोय होती. ज्युनियरला मुद्दाम बरोबर नेलं. शेवटी दोन बेस उरले. प्रिसिजन जातीचा एक, काय आवाज होता! गिटारिस्ट आणि ड्रमर दोघं म्हणाले, विषय संपला, हाच. मलाही तोच आवडला होता. पण ज्युनियरने तो घेतला आणि चौथ्या मिनिटाला मनगट झटकलं. तिची करंगळी चौथ्या पडद्यापर्यंत पोचताना अंगठा दांडीच्या मागून निसटत होता. दुसरा ३८ मिलिमीटरचा, दोन पिकअपचा, आवाजाला जरा पातळ. तिने तो वीस मिनिटं वाजवला आणि खाली ठेवायला तयार नव्हती. तिथे चांगलीच वादावादी झाली. मी म्हटलं, आवाज आपण घरी नेऊन बदलू शकतो, तिचा हात नाही. आम्ही दुसरा घेतला.

इथे आल्यावर जाड तारांचा संच घातला, घोडीकडच्या पिकअपचा नॉब अर्ध्यावर आणला, दांडीकडचा पिकअप स्क्रू ड्रायव्हरने दोन मिलिमीटर वर घेतला. आता तो त्या प्रिसिजनसारखा वाजतो का? नाही. पण पहिल्यासारखा पातळही राहिला नाही, आणि ड्रमर कुरकुरायचा थांबलाय. (लाल नाही, याबद्दल अजून कुरकुरतो.) बेस सध्या सोमवार ते गुरुवार बॉईज होस्टेलला आणि उरलेले दिवस लेडीज होस्टेलला असतो.

शेवटची गोष्ट आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या हवेची. पुण्या-मुंबईच्या पावसाळी हवेत लटकलेला बेस इथल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आणला की लाकूड आकसतं, पडद्यांची धातूची पट्टी आकसत नाही. मग पडद्यांची टोकं दांडीच्या कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. घेताना कडेवरून बोट फिरवून बघाच. नंतर टोचलीच तर बारीक कानशीने कारागिराकडून घासून घ्यावीत, स्वतः वर्कशॉपची कानस चालवू नये. दांडीचा बाकही ऋतूप्रमाणे बदलतो. ई तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून धरा; मधोमध, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तार आणि पडद्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकायला हवं. त्याहून जास्त फट असेल तर दांडीच्या पोटातला ट्रस रॉड घट्ट करायचा, तार पडद्याला चिकटत असेल तर सैल. अ‍ॅलन की माझ्याकडे आहे, कुणाला लागली तर घेऊन जा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर फिरवू नका आणि पुन्हा मापायच्या आधी एक रात्र जाऊ द्या.