मोटार कोणीं विकावी ?

आपला माल बाजारांत नेल्यावर आडत्यास काय द्यावें लागतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तोच शेतकरी मोटार घेण्यास निघाला म्हणजे मधला माणूस दुसऱ्या वेषांत पुढें येतो. तो म्हणजे डीलर. हा कारखान्याचा नोकर नव्हे. स्वतःच्या पैशानें जागा घेऊन, पेढीचें कर्ज काढून, तो कारखान्याकडून गाड्या विकत घेतो व करारानें ठरलेल्या मुलखांत विकतो. त्यास वगळून कारखान्यानें गिऱ्हाइकास थेट गाडी विकावी कीं नाहीं, यावर अमेरिकेंत मोठा झगडा माजला व त्याचे पडसाद पुण्यामुंबईपर्यंत आले आहेत.

ही पद्धत कारखानदारांनींच आपल्या सोयीकरितां पाडली. त्यांचें भांडवल यंत्रसामग्रींत अडकलेलें. देशभर दुकानें मांडण्यास दुसऱ्याचा पैसा हवा होता. परंतु करार करणारे पक्ष समबल नव्हते. सन १९२०-२१ च्या मंदींत हेन्री फोर्डवर कर्ज फेडण्याची पाळी आली, तेव्हां त्यानें डीलरांनीं न मागविलेल्या गाड्या त्यांच्याकडे रवाना केल्या व पोंचतांच रोख पैसे मागितले. नको म्हणावें तर एजन्सी जाण्याचें भय ! तेव्हां पुष्कळांनीं आपापल्या गांवच्या पेढ्यांकडून पैसा उचलला. म्हणजे कारखान्याचें कर्ज शेंकडों दुकानदारांच्या माथीं वांटलें गेलें. असल्या अनुभवांवरून तेथील राज्यांनीं डीलरांच्या रक्षणाचे कायदे केले. कराराच्या बाबतींत कारखानदार सचोटीनें न वागल्यास त्यावर फिर्याद करतां यावी, असा मध्यवर्ती कायदाही सन १९५६ सालीं झाला. बहुतेक राज्यांत कारखानदारानें आपल्याच डीलराशीं स्पर्धा करण्यावर बंदी वा निर्बंध आले.

पुढें विजेच्या मोटारी करणारी टेस्ला कंपनी निघाली. तिनें एकही डीलर न नेमतां स्वतःचीं दुकानें मांडलीं. तिचें म्हणणें असें कीं, आम्हांस डीलरच नाहीं, मग कायदा रक्षण करतो कोणाचें ? सन २०१४ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें दुसऱ्या कंपन्यांच्या डीलरांची तक्रार ऐकण्याचें नाकारलें. कायदा डीलरास त्याच्या स्वतःच्या कारखानदारापासून वांचविण्याकरितां आहे, असें ठरविलें. त्याच वर्षीं मिशिगननें मात्र थेट विक्रीची वाट कायद्यानें अधिकच बंद केली. न्यू मेक्सिकोंत तर गंमतच झाली. तेथील राज्याचा कायदा आड येतो म्हणून कंपनीनें सन २०२१ सालीं नांबे येथील मूळ रहिवाशांच्या स्वायत्त भूमीवर दुकान थाटलें !

डीलर म्हणतात, एकाच गाडीचे दोन विक्रेते असले तर चढाओढीनें किंमत उतरते. कंपनी म्हणते, घासाघीस नको, सर्वांस एकच भाव. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण घासाघिशीचा लाभ बोलक्या गिऱ्हाइकास होतो व भोळें गिऱ्हाईक अधिक पैसे मोजून जातें, हें बाजारांत उभा राहिलेला कोणीही सांगेल.

आपल्या देशांत डीलरांच्या रक्षणाचा असा खास कायदा नाहीं. जनरल मोटर्सनें सन २०१७ मध्यें येथील विक्री बंद केली व फोर्डनें सन २०२१ मध्यें येथील उत्पादन आटोपण्याचें जाहीर केलें, तेव्हां डीलरांनीं दुकानांत घातलेला पैसा अडकला. त्यांच्या मंडळानें कायद्याची मागणी लावून धरली, ती उगीच नव्हे. सन २०२१ मध्येंच चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीझ-बेंझनें तिसरा मार्ग काढला. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचें, भाव सर्वत्र एक. जुने डीलर गाडी दाखवून व पोंचती करून मोबदला घेतात. विकत घेणारा व्यापारी येथें खरा आडत्या बनला. टेस्लानें जुलै २०२५ मध्यें मुंबईस दुकान उघडलें, तेंही डीलरावांचून.

आमच्या मतें किमतीपेक्षां दुरुस्तीचा प्रश्न शेतकऱ्यास अधिक जवळचा आहे. मोटार चार दिवस उभी राहिली तर एसटीनें जातां येतें. पेरणीच्या वाफशावर ट्रॅक्टर उभा राहिला तर वाफसा थांबत नाहीं. तालुक्याच्या गांवीं डीलर असला तर निदान दारांत जाऊन बसतां येतें. पण तोच डीलर दुरुस्तीची मक्तेदारी झाला तर काय होतें, हेंही अमेरिकेंत दिसलें. जॉन डिअर कंपनी दुरुस्तीचें संपूर्ण संगणकीय साधन फक्त अधिकृत डीलरांसच देते व शेतकऱ्यास त्यांच्याच दारीं जाणें भाग पाडते, असा आरोप ठेवून तेथील व्यापार आयोगानें जानेवारी २०२५ मध्यें तिजवर दावा लावला. तेव्हां यंत्र थेट घ्या वा डीलराकडून घ्या. हमीपत्रावर सही कोणाची, सुटे भाग कोणत्या गांवीं मिळतात आणि बाहेरच्या कारागिरानें हात लावल्यास हमी राहते कीं जाते, हीं तीन उत्तरें पैसे देण्यापूर्वीं लेखी मागून घ्यावीं.