बांधीत तुरटीचं काय काम?

भंडारा जिल्ह्यात तुरटी दोन ठिकाणी हमखास सापडते. एक किराणा दुकानात, बरणीतल्या काचेसारख्या खड्यांच्या रूपात. दुसरी नळयोजनेच्या जलशुद्धीकरण केंद्रात, भिंतीला रचून ठेवलेल्या मळकट पांढऱ्या ठोकळ्यांच्या रूपात. आता ती फवारणीच्या पंपात आणि आळवणीच्या ड्रमातही शिरली आहे. मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ सांगतात की तुरटीनं मर थांबते, जमीन भुसभुशीत होते, पांढरी मुळी सुटते. इतक्या स्वस्तात एवढं होत असेल तर कोण सोडेल? म्हणून या पदार्थाची नीट ओळख करून घ्यायला हवी, आणि तीही धानाच्या बांधीवर उभं राहून.

दुकानातली तुरटी आणि केंद्रातली तुरटी एक नव्हे. खड्यांची तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचं जोडसल्फेट. ठोकळे असतात साध्या ॲल्युमिनियम सल्फेटचे. बॉक्साइटची भुकटी गरम गंधकाम्लात शिजवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचा दाट द्राव थंड करून ओतायचा, अशी त्याची कृती. बॉक्साइटमध्ये लोह असतं, ते मागं राहिलं की ठोकळ्यावर पिवळसर झाक येते. महाराष्ट्रात हे खनिज कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडकडे निघतं. शेतीच्या पुस्तकांत जमीन सुधारण्यासाठी ज्याचं नाव येतं ते हे ठोकळ्यांचं सल्फेट.

पाण्यातलं दोन्हींचं काम मात्र डोळ्यांना दिसतं. पावसाळ्यात वैनगंगेचं गढूळ पाणी पितळी गुंडात भरावं, तुरटीचा खडा चार-सहा वेळा फिरवावा आणि गुंड हलवू नये. थोड्या वेळानं पाण्यात पिंजलेल्या कापसासारखे तंतू तरंगू लागतात, एकमेकांना चिकटून जड होतात आणि बुडाशी बसतात. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण भार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर सारत पाण्यात तरंगत राहतात. ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धन भार असतात. ते या कणांचं भांडण मिटवतात, आणि तयार झालेलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड सगळ्यांना गोळा करून खाली नेतं. पण तुरटी गाळ बसवते, पाण्यात विरघळलेली घाण नव्हे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, त्यावर तुरटीचा इलाज चालत नाही.

याच क्रियेत आणखी एक गोष्ट घडते, ती डोळ्यांना दिसत नाही. ॲल्युमिनियम पाण्याशी जुळताना आम्ल मोकळं होतं. एक मिलिग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट पाण्यातली साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाऊन टाकतं. शेतीला रस आहे तो या आम्लात. जमिनीचा सामू आठच्या वर गेला की जस्त, लोह ही अन्नद्रव्यं असूनही पिकाला मिळत नाहीत. अशा वेळी सामू खाली आणावा लागतो. गंधक टाकलं तर जिवाणूंनी त्याचं आम्ल करेपर्यंत काही आठवडे, कधी महिने जातात. ॲल्युमिनियम सल्फेट लगेच काम करतं, कारण त्याला जिवाणूंची वाट पाहावी लागत नाही. युरोप-अमेरिकेतल्या बागांमध्ये हायड्रेंजियाची फुलं निळी करायला ते वापरतात.

आता हिशेब मांडू. क्षारयुक्त जमिनींवरची अमेरिकन कृषी खात्याची 1954 सालची पुस्तिका अजूनही प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार 1 टन गंधकाचं काम करायला 6.94 टन ॲल्युमिनियम सल्फेट लागतं. मध्यम पोताच्या जमिनीचा सामू साडेसातवरून साडेसहावर आणायला एकरी साडेतीनशे किलोच्या आसपास गंधक लागतं. म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट झालं एकरी अडीच टन! व्हिडिओ सांगतात किलो-दोन किलो. एक एकराच्या नांगरटीच्या थरात सुमारे नऊ लाख किलो माती असते. त्यात किलोभर तुरटीनं ना भलं होतं, ना बुरं. पुढं पाऊस वेळेवर आला आणि पीक साधलं, तर श्रेय मात्र तुरटीला जातं.

ॲल्युमिनियमची वाण म्हणाल, तर तीही नाही. पृथ्वीच्या कवचातल्या सर्व धातूंत ॲल्युमिनियम सर्वांत मुबलक. मातीत ते साधारण सात टक्के धरलं, तर एकराच्या त्या थरात साठ टनांच्या घरात जातं. किलोभर खड्यांतून आपण त्यात भर घालतो सत्तावन्न ग्रॅमची. लाखनी तालुक्यातल्या पोहऱ्याच्या परिसरात सिलिमनाइट आणि कायनाइट सापडतं, ते तर ॲल्युमिनियमचेच दगड. मात्र हे सगळं ॲल्युमिनियम सिलिका आणि प्राणवायूशी घट्ट बांधलेलं असतं, म्हणून पिकाला त्याचा त्रास नाही. सामू साडेपाचच्या खाली घसरू लागला की ते सुटू लागतं. मग मुळांची टोकं जाड, आखूड, तपकिरी होतात आणि मुळं खाली जाईनाशी होतात. मृदा आरोग्य पत्रिकेवरच्या बारा नोंदींत ॲल्युमिनियम नाही, पण सामू आहे. आपल्याकडे तेवढा पुरतो.

आता बांधीकडे. भंडाऱ्याचा शेतकरी जमीन ओळखतो ती कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी या नावांनी. काळी भारी कन्हार सामूनं उदासीन किंवा जराशी विम्ल. पिवळसर रेताड सिहार आणि मुरमाड बरडी बहुधा आम्लाकडे झुकलेल्या. सिहारीला आणखी आम्ल देणं म्हणजे आजारी माणसाला उपास घडवणं. आणि कन्हारीला?

तिथं बांधी स्वतःच काम करते. श्रीलंकेत जन्मलेले पोन्नम्पेरुमा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पाण्याखालच्या मातीचं रसायन अभ्यासत होते. त्यांचा 1972 सालचा प्रदीर्घ लेख या विषयाचा पाया मानला जातो. त्यांनी दाखवलं ते असं: चिखलणी करून पाणी बांधलं की मातीतला प्राणवायू संपतो. आम्ल जमिनीत लोहाचं रूप पालटताना आम्ल खर्ची पडतं आणि सामू वर येतो. विम्ल जमिनीत कार्बन डायऑक्साइड कोंडून सामू खाली उतरतो. दोघीही काही आठवड्यांत साडेसहा ते सातच्या दरम्यान येऊन थांबतात. रोवणीनंतर बांधीत जे पाणी उभं असतं, ते तण दाबतं एवढंच आपण म्हणतो; सामूचं हे कामही तेच करतं, आणि फुकट.

एवढ्यावर भागलं असतं तर तुरटीला निरुपयोगी म्हणून सोडून देता आलं असतं. पण टनांच्या हिशेबानं ती टाकली, तर बांधीत नुकसान होतं, कारण ती स्फुरद पकडते. मातीतलं लोहही स्फुरद पकडतं, पण पाणी उभं राहून प्राणवायू संपला की फेरिकचं फेरस होतं आणि अडकलेला स्फुरद सुटतो. धानाला सुपर फॉस्फेट कमी लागतं त्याचं एक कारण हे. ॲल्युमिनियमला असं रूप पालटता येत नाही. त्यानं धरलेला स्फुरद तितक्या सहज सुटत नाही, म्हणजे खताचे पैसे मातीत गाडले गेले. सल्फेटची गोष्ट तर आणखी वाईट. प्राणवायू नसलेल्या चिखलात सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड होतो. लोह भरपूर असेल तर ते त्याला बांधून टाकतं, पण हलक्या, लोह कमी असलेल्या जमिनीत मुळं काळी पडतात आणि उपटताना सडक्या अंड्याचा वास येतो. धान कापण्याआधी त्याच बांधीत उतेरा म्हणून लाखोळी पेरायची असेल, तर तिच्या मुळांवरच्या गाठींनाही आम्लता मानवत नाही.

बांधावरच्या गवतावर ग्लायफोसेट मारण्यासाठी तलावाचं गढूळ पाणी तुरटीनं निवळायची कल्पनाही टाळलेली बरी. मातीचे कण तणनाशक धरून ठेवतात हे खरं, पण ॲल्युमिनियमही ते धरून ठेवतं. पाणी नुसतं रात्रभर निवळू द्यावं.

मग शेतीत ॲल्युमिनियम सल्फेटची जागा कुठं? पश्चिम विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, चोपण जमीन सुधारायला ते कागदावर चालतं. पण तिथं जिप्सम स्वस्त पडतं, जमिनीला कॅल्शियम देतं आणि कमी लागतं. त्यामुळे निवड जिप्समचीच होते. अमेरिकेत अर्कान्सासमध्ये कृषी खात्याच्या फिलिप मूर यांनी 1990 च्या दशकात ते कोंबड्यांच्या शेडमधल्या लिटरवर, म्हणजे विष्ठा मिसळलेल्या भुशावर, टाकून पाहिलं. अमोनिया घटला, हवा सुधारली आणि लिटर शेतात गेल्यावर पावसात वाहून जाणारा स्फुरद कमी झाला. जो गुण बांधीत दोष ठरतो, तोच तिथं कामाला आला. भंडाऱ्यात ब्रॉयलरची शेड टाकणाऱ्यांनी या प्रयोगाकडे जरूर पाहावं.

आणि दुसरी जागा मासेमारीची. कोहळी मंडळींनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले तलाव 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले आणि मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव झाले. धान ओलावणारे हेच तलाव ढीवरांच्या सहकारी संस्था मासेमारीसाठी घेतात. पहिल्या पावसात लाल गाळ आला की ऊन पाण्यात उतरत नाही, प्लवंग वाढत नाहीत आणि बोटुकल्यांना खायला मिळत नाही. अख्ख्या तलावात तुरटी टाकणं परवडत नाही. पण बोटुकली वाढवायच्या छोट्या टाक्यांत लिटरला 15 ते 25 मिलिग्रॅमनं पाणी निवळतं. आधी बादलीभर पाण्यावर करून पाहावं. सिहारीच्या भागातलं पाणी मुळातच कमी क्षारतेचं असतं, त्यात सामू एकदम कोसळून पिल्लं दगावू शकतात. म्हणून तिथं आधी चुना, आणि तुरटी त्यानंतर.