एकाच चेहऱ्याची दोन वयं
२०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला. उजवा गाल वयाला शोभेलसा. डावा मात्र जाडसर, खोल सुरकुत्यांचा. ट्रक चालवताना २८ वर्षं ती बाजू खिडकीकडे होती. काच त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण बहुतांशी अडवते, यूव्हीए बरेचसे आत सोडते. चटका बसत नाही, म्हणून कळतही नाही. हे किरण त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोचतात; तिथे कोलॅजन तोडणारी विकरं वाढतात आणि लवचीकपणा देणारे इलॅस्टिनचे तंतू गुंतवळासारखे गोळा होतात. पेशींचं विभाजन मंदावणं वगैरे वयाची कारणं दोन्ही गालांना सारखीच, फरक उन्हाचा. सुरकुत्यांच्या क्रीमच्या जाहिरातींपेक्षा हा फोटो मला अधिक बोलका वाटतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे जपायचा तो उजवा गाल.